नखावरचा डाग आणि सात ओळींची चौकट

आरोग्याच्या पानावर सात ओळींची जागा उरली होती. ती भरायला मी एक चौकट लिहिली: नखांवर पांढरे डाग दिसणं म्हणजे शरीरात कॅल्शियम कमी असणं, दूध, नाचणी, तीळ खावेत. कोणाला विचारलं नाही. लहानपणापासून ऐकलेलं होतं आणि जुन्या दोन-तीन कात्रणांतही तेच होतं. ठाण्याच्या कार्यालयात मी उपसंपादक आहे. बातमीतल्या माणसाचं वय मी दोनदा तपासते. या चौकटीत तपासण्यासारखं काही वाटलं नाही.

ठाकुर्लीला आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. आईने ती चौकट कापून फ्रिजवर चिकटवली. माझ्या पानाची कात्रणं ती ठेवतेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. चारेक महिन्यांनी तिची पोट साफ होत नसल्याची तक्रार वाढली. मी तिचा औषधांचा डबा उघडला. आत कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. दिवसाला दोन, दुकानातून स्वतःच आणलेल्या.

"कोणी सांगितल्या?"

"तूच." तिने फ्रिजकडे बोट केलं.

त्या बोटाच्या नखावर डाग होता. दोन्ही अंगठे आणि शेजारची दोन बोटं, एवढ्याच नखांवर डाग होते. बाकीची सहा स्वच्छ. आईला पूर्वी एकदा मूतखडा झाला होता. शनिवारी तिला डोंबिवलीत त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नखं दिव्याखाली धरली. "आजी, हाताने काय काम करता?"

"वाल सोलते."

आई कडवे वाल भिजवते, मोड आणते आणि नखाने साल फोडून एकेक दाणा काढते. नोकरी करणाऱ्या बायकांना बिरड्यासाठी वाल हवे असतात, सोलायला वेळ नसतो. ओळखीतली आठ-दहा घरं तिच्याकडून सोललेले वाल नेतात. श्रावणात ती दिवसाचे तीन-चार तास सोलत बसते.

"मग डाग त्याचेच दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नख मुळाशी, कातडीखाली तयार होतं. तिथे पुन्हापुन्हा दाब पडला किंवा बारीक मार बसला की तेवढा भाग पांढरा उमटतो. डाग वर दिसायला काही आठवडे जातात, म्हणून मार आठवत नाही."

"आणि कॅल्शियम?"

"त्याचा याच्याशी संबंध दिसत नाही. मूतखडा होऊन गेलाय ना? मग स्वतःच्या मनाने या गोळ्या घेऊ नका."

डागांवर औषध नव्हतं. नख वाढेल, डाग पुढे सरकेल, कापला जाईल. सगळी नखं पांढरी झाली, सगळ्यांवर सारखे आडवे पट्टे आले किंवा नख जाड होऊन भुगा पडू लागला, तर मात्र तपासण्या करायच्या.

"लहानपणी बगळे डोक्यावरून गेले की आम्ही नखं घासून त्यांच्याकडे पांढरं फूल मागायचो," आई त्यांना म्हणाली. "तेव्हा दिलं नाही मेल्यांनी. आता न मागता चार."

रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "त्या म्हणतात ते खरं की तू छापलंस ते?"

"त्या म्हणतात ते."

"मग छापलंस कसं?"

"चुकले."

"मला रिक्षात काय सांगतेस? छाप ना तसं."

रात्रीची गोळी तिने माझ्यासमोर घेतली.

सोमवारी मी संपादकांकडे गेले. आम्ही दुरुस्ती छापतो ती नावांची, पदांची, कधी फोटोखालच्या ओळीची.

"अगं, नखाची दुरुस्ती? तक्रार कोणाची आलीय?"

"आईची."

"मग आईला घरी सांग."

"घरी सांगून झालं. गोळ्या चालूच आहेत."

आठवड्याने दुरुस्तीला चार ओळी मिळाल्या. आईने त्या उभ्यानेच दोनदा वाचल्या आणि चष्मा काढला. "आता हे खरं कशावरून?"

तिने शिवणाची टेप आणली, उजव्या अंगठ्याच्या मुळापासून डाग किती दूर आहे ते मोजलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलं. गोळ्यांची बाटली वरच्या फळीवर गेली. "डाग पुढे सरकला तर डॉक्टरीण खरी. जागच्या जागी राहिला तर गोळ्या परत सुरू."

त्यानंतर दर रविवारी मोजणी झाली. वाल सोलणं थांबलं नाही; फक्त भिजवायला आई पाणी जरा गरम घेऊ लागली, म्हणजे साल सैल होते. पहिल्या रविवारी आकडा तोच होता आणि तिने बाटलीकडे पाहिलं. तिसऱ्या रविवारी दोन रेघांचा फरक पडला. नंतर तो वाढतच गेला.

तीन महिन्यांच्या आत डाग टोकाला पोचला. तिने आमचंच वर्तमानपत्र पसरून नखं कापली आणि पांढरा ठिपका असलेला तुकडा माझ्यापुढे सरकवला.

"बघ. सरकला."

बाटली तिने त्याच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. फ्रिजवरची जुनी चौकट काढायला मी हात लावला, तर म्हणाली, "राहू दे ती. नाचणीचं बरोबर लिहिलंयस."