खडूचं रिंगण

आई गेली त्या वर्षी मी जादूविद्येची पुस्तकं वाचायला लागले. हे आमच्या घरात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वडील गावच्या शाळेत शिक्षक होते आणि धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या. भगत, अंगारा, उतारा, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण आईच्या वेळी वंदना झाली, माणसं आपापल्या घरी गेली, आणि माझ्या हातांना करायला काही उरलं नाही.

मी सुप्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. केडगावात भाड्याच्या दोन खोल्या आहेत. तिथे माझ्याबरोबर माझी विधवा आत्या राहते. कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर वाचायचं, हा माझा अभ्यास. पुस्तकं जुनी इंग्रजी, लिहिणारे कधीच मेलेले, त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळणारी. वाक्यं इतकी लांब, की एखादं पान नीट कळेपर्यंत सुपा यायचं. ग्रहांचे तास, हिब्रू अक्षरं, देवदूतांची नावं, चार दिशांना चार पहारेकरी. मला कुणाला वश करायचं नव्हतं. आईला परत बोलवता येईल असंही वाटत नव्हतं. पण श्वास कसा घ्यायचा, कुठे उभं राहायचं, हात कुठवर उचलायचा, हे कुणीतरी इतक्या काळजीनं लिहून ठेवलेलं वाचताना बरं वाटायचं.

छडी हेझलच्या लाकडाची हवी, असं लिहिलं होतं. ते झाड आपल्याकडे कुठलं? मी हिवराची फांदी आणली आणि काटे सोलून काढले.

एका रविवारी सकाळी आत्या भाजी आणायला गेली, तेव्हा मी फरशीवर खडूनं रिंगण काढलं. पूर्वेला तोंड करून उभी राहिले आणि पहिलं नाव उच्चारलं. आवाज अपुरा वाटला म्हणून पुन्हा, मोठ्यानं. मागे दार वाजलं. आत्या पिशवी घेऊन उभी होती.

ती ओरडली नाही. तिनं दार लावलं, मग खिडकी लावली. मोरीतून ओलं फडकं आणलं आणि गुडघ्यावर बसून स्वतःच फरशी पुसायला लागली.

"आत्या, मी पुसते."

"कुनावर करतीस?"

"कुणावरच नाही."

"मंग कशापायी?"

"आई गेल्यापासून काही सुचत नाही," एवढंच मला म्हणता आलं.

ती बराच वेळ पुसत राहिली. खडू गेला तरी पुसत होती. मग भिंतीला टेकून बसली आणि सांगायला लागली. नवरा गेल्यावर आत्याला सासरी पटलं नाही म्हणून ती माहेरी आली, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं.

सासर तिकडं पाथर्डीच्या बाजूला. ऊसतोडीहून सगळे परत आले होते आणि शेजारचं तान्हं पोर तापानं फणफणलेलं. "मी भाकरी करत हुते. तशीच उठून बघाया गेले. पिठाचा हात त्याच्या डोक्यावरनं फिरवला, यवढंच. सांजच्याला पोर गेलं." डोक्यावर पांढरं काहीतरी दिसलं, हिनंच करणी केली, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी तिला चावडीपुढं उभं केलं आणि तिचे केस कापले. कापणाऱ्यांत तिची जाऊ होती.

"तुज्या पुस्तकात," ती म्हणाली, "ज्याला यातलं कायबी येत न्हाई आन् तरी ज्याचं नाव घेत्यात, त्याच्याबद्दल काय लिव्हलंय?"

मी आठवून पाहिलं. "काही नाही."

"लिव्हनारी बाई हाय का बाप्या?"

"सगळे पुरुष आहेत."

"तरीच," ती म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. सकाळी गच्चीवरून त्यांना खिडकीतून सगळं दिसलं होतं. मी उठायच्या आत आत्या दारात गेली.

"माज्या भाचीचा अभ्यास हाय. इंग्रजी हाय. बघायचं आसंल तर आत या."

काकू आत आल्या, चहा घेतला. मी मोबाईलवर एक पान दाखवलं. ते त्यांनी न वाचताच परत दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या मुलाचं लग्न जमत नाही. त्याच्यासाठी यातलं काही बघता येईल का?"

मला क्षणभर हायसं वाटलं. आत्याचा चेहरा मात्र उतरला होता.

"न्हाई," ती म्हणाली. "हे तसलं न्हाई. आन् तसलं आसतं तरी केलं नसतं."

काकू गेल्यावर ती म्हणाली, "ते पोर तापलं तवा त्याची आईच मला बोलवाया आली हुती. तुजा हात लागू दे म्हनली हुती." ज्या घरातून बोलावणं आलं, त्याच घरातून बोट दाखवलं गेलं होतं.

नंतर मी रिंगण काढलं नाही. वाचते अजून. त्यातलं सकाळी स्थिर बसणं तेवढं ठेवलंय, ते काही त्या पुस्तकांचंच आहे असंही नाही.

आईला वर्ष झालं, तेव्हा पुण्यानुमोदनाला वडील गावाहून आले. जेवणं आटोपली, पाहुणे गेले, आणि आत्यानं सासरची ती हकीगत त्यांच्यासमोर सांगितली, पहिल्यापासून. त्या गावातून तिला टेम्पोत घालून आणलं होतं ते वडिलांनीच. इतक्या वर्षांत दोघं त्यावर कधी बोलले नव्हते. वडील भिंतीकडे बघत ऐकत राहिले.

"मला यायला उशीर झाला," ते म्हणाले.

"व्हय," आत्या म्हणाली. "झाला."

मग तिनं त्यांना पाणी दिलं, आणि ते तिच्याजवळ खाली, फरशीवर बसले.