जटा धुण्याचा दिवस

माझ्या आतेभावाइतका घाबरट माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका बिनधास्त दिसणारा माणूसही सापडायचा नाही. कमरेपर्यंत रुळणाऱ्या करंगळीएवढ्या जाड जटा, छातीवर दाढी, रापलेला चेहरा. सेलूच्या बसस्टँडवर तो उभा असला की नवख्या माणसाला वाटतं, याला जगात कसलीच फिकीर नसावी. प्रत्यक्षात तो त्या वेळी एसटीचं पुढचं टायर निरखत असतो. टायर झिजलेलं दिसलं की गाडी सोडून देतो. एकदा माझ्याकडे नालवाडीला दुपारच्या जेवणाला म्हणून निघाला आणि गाड्या सोडत सोडत संध्याकाळच्या चहाला पोचला. बायकोने वरण पुन्हा गरम केलं. "उशीर झाला, पन धडधाकट आलो ना," असं म्हणून तो समाधानाने जेवला.

जटाही त्याने हौसेने वाढवलेल्या नाहीत. त्या भीतीने वाढल्या. महामारीच्या काळात न्हाव्यांची दुकानं बंद होती. ती उघडली तेव्हा वस्तऱ्यातून काय काय अंगात शिरतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं आणि न्हाव्याकडे जाणंच सोडलं. कंगव्याने डोक्याची नस दबते, असंही त्याच्या मनाने घेतलं. आत्याच्या लक्षात येईपर्यंत केसांचे दोर झाले होते. मग शेजारच्या एका बाईने सांगितलं की जटा कापली तर घरावर संकट येतं, आणि दुसरीने सांगितलं की ठेवली तर आत किडे होतात. आतेभावाचा दोघींवरही सारखाच विश्वास बसला. आत्या म्हणाली, "केस आहेत ते. वाढले तं कापाचे, ठेवले तं धुवाचे. त्यात संकट कुठून आलं?" त्याने त्यातलं धुणं तेवढं उचललं.

तो एका कृषी केंद्रात नोकरीला आहे. तिथे औषधाच्या वासाने आपल्याला काही होईल म्हणून तोंडाला दुपट्टा बांधून गल्ल्याशेजारी बसतो आणि येणाऱ्या शेतकऱ्याला फवारणीचं औषध देता देता इतकं घाबरवतो की तो माणूस निम्मंच घेऊन जातो. "हातमोजे हाय का तुमच्यापाशी? नाई? मंग काऊन नेऊन राह्यले हे?" मालक कपाळाला हात लावतो, पण काढून टाकत नाही. कारण लोकांना तो कुणीतरी साधुपुरुष वाटतो आणि ते बियाणं त्याच्याच हातून मागतात.

पण खरा सोहळा जटा धुण्याचा. बाजारातल्या शाम्पूवर त्याचा भरवसा नाही. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचून तो ती परत ठेवतो. त्यामुळे सगळं घरचं. आदल्या संध्याकाळी लोखंडी कढईत रिठे आणि शिकेकाई भिजत पडते. सकाळी त्यात कडुलिंबाचा पाला घालून उकळायचं आणि आत्याच्या जुन्या लुगड्यातून पुन्हा पुन्हा गाळायचं. एकदा गाळण्यात कसर राहिली, तर शिकेकाईचा भुसा जटांत अडकून बसला आणि पुढचे कित्येक दिवस गिऱ्हाइकांच्या पावत्यांवर झडत राहिला. अंगणात खाट टाकायची, खाली टब, टबात कोमट पाणी, खायचा सोडा, मीठ आणि लिंबाचा रस. आतेभाऊ उताणा पडतो आणि जटा पाण्यात सोडतो. थोड्या वेळाने पाण्याला चहाचा रंग येतो आणि मग नालीचा. हे सगळं त्याला दिसत नाही म्हणून मला बोलावणं असतं.

"कसा रंग आला?"

"फिका आहे, दादा."

"खरं सांगजो. मांगच्या टायमालेही तू फिकाच म्हनला होता."

मग रिठ्याचं पाणी, मग सोडा निघावा म्हणून पाण्यात सिरका घालून शेवटची धार. त्यातला एखादा थेंब डोळ्यात गेला की डोळा गेला, असं तो धरून चालतो. पिळून झाल्यावर सगळ्यात अवघड काम येतं. ओल राहिली तर जटेच्या आत बुरशी धरते, या धास्तीने तो मला एकेक जट हुंगायला लावतो. "हे कानामागची घे. कुबट तं नाई ना?" मी त्याच्या कानामागे नाक घालून उभा असतो आणि आत्या सुपातली तूर पाखडत म्हणते, "याचं लगन झालं असतं तं हे काम तुयावर नसतं आलं."

गेल्या हिवाळ्यात आत्याच्या पोटात गाठ निघाली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावी लागेल, आणि काढल्यावर तपासायला पाठवू. आत्या शांत होती. आतेभावाचं जेवण सुटलं. भेटायला येणाऱ्यांमुळे पेशंटला जंतुसंसर्ग होतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "माया डोक्यातून काई गेलं तिच्या पोटात तं?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मग कापून टाक. "अन कापल्यानं तिले काई झालं तं?"

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने जटा धुतल्या, कधी धुतल्या नव्हत्या तशा. टबातलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो उठला नाही. नेमकं आभाळ आलं होतं आणि गार वारं सुटलं होतं. जटा काही वाळेनात. चुलीसमोर बसला, पंख्यासमोर बसला. शेजारणीने केस वाळवायचं मशीन दिलं, तर ओल्या केसांतून करंट डोक्यात जाईल म्हणून परत केलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या गाडीवर मागे बसून, जटा वाऱ्यावर मोकळ्या सोडून दवाखान्यात आला, तरी त्या ओलसरच होत्या. कडुलिंब आणि सिरक्याचा वास वॉर्डभर पसरला. आत्याने त्याला जवळ बोलावलं. "आता तुले कोनता जंतू शिवत नाई. जेवून घेजो. मी येतो." आणि तिला आत नेलं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तो दाराकडे बघत होता. समोर चाकाच्या खुर्चीत एक वाळलेला माणूस बसला होता. त्याने खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते. त्याची बायको उठून आली आणि सरळ आतेभावाच्या पायाशी वाकली. "बाबाजी, माया मानसाच्या डोक्यावर हात ठेवा जी. आमी गिरडाकडून आलो."

आतेभाऊ पाय वर घेऊन आक्रसला. "माय, मी बाबा नाई जी. मी बियानं इकतो. मायी माय आत हाय. मलेच लय भेव लागून राह्यलं."

मला वाटलं ती निघून जाईल. पण ती त्याच्याशेजारी बसली. म्हणाली, "मले बी." मग त्याने तिला विचारलं, जेवलात का, आणि आत्याने त्याच्यासाठी बांधून आणायला लावलेला डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला. तिच्या नवऱ्याला आत न्यायला वॉर्डबॉय आला, तेव्हा त्या माणसाने मान वळवून आतेभावाकडे पाहिलं. आतेभाऊ उठला. त्याने त्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भेव वाटते तं वाटू द्या. मी इथंच बसून हाओ."

आत्या आधी बाहेर आली. तिला वरच्या वॉर्डात नेलं; मी सोबत गेलो. गुंगीत ती सारखं त्याचं नाव घेत होती, म्हणून मी खाली येऊन त्याला हाक मारली. तो त्या बाईला "आत्ता येतो, माय" म्हणून जिना चढला. आत्याने त्याचा हात धरला तो सोडेचना. तो परत खाली गेला तेव्हा बाकावर दुसरीच माणसं बसली होती. खिडकीवर त्याने चौकशी केली, पण त्याला ना नाव माहीत होतं ना गाव. "गिरडाकडचे होते," एवढंच तो सांगत राहिला.

आत्याची गाठ साधी निघाली. ती आता पूर्वीसारखी तूर पाखडते आणि त्याच्या लग्नाचं काढते. मी सेलूला गेलो की आतेभाऊ कधीतरी मध्येच म्हणतो, "त्या मानसाचं काय झालं असन रे?" उन्हाळ्यात तो कुणाला न सांगता गिरडला जाऊन आला. त्या भागातली सगळी माणसं जिथे येतात त्या टेकडीवर, दर्ग्याच्या पायऱ्यांवर दिवसभर बसला आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची तोंडं बघत राहिला. काहींनी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. ती दोघं काही दिसली नाहीत.

"कुणाला विचारलंस का?" मी म्हटलं.

"नाई," तो म्हणाला. "इचारलं असतं तं कोनी सांगतलं असतं."