बस म्हणजे थांब

आमच्या मुकादमाला सगळे दणका म्हणत, तोंडावरसुद्धा. पंप अडला की तो पंपाला लाथ घाली, ड्रिल अडकलं की ड्रिलला, आणि माणूस अडला की माणसाला. त्याचा मार मीही खाल्ला आहे. पण कामाला त्याच्यासारखा गडी मी पुन्हा पाहिला नाही.

शहराखालून मेट्रोचा बोगदा चालला होता. बोगद्याला आतून काँक्रीटचं कडं घालत जायचं. कड्याचा एकेक तुकडा क्रेनने खोल खड्ड्यात उतरवायचा आणि रुळावरच्या ट्रॉलीवर टेकवायचा. लोंबकळता तुकडा गरीब दिसतो. चार जणांनी जीव खाऊन ढकलला तर वीतभर हलतो, आणि परत येताना तुम्हाला घेऊन येतो.

क्रेनवाल्याला वरून तळ दिसत नसे. दणका वॉकीटॉकीवर बोलेल तेच त्याचे डोळे. ‘सोड’ म्हणजे खाली घे, ‘उचल’ म्हणजे वर घे, आणि ‘बस’ म्हणजे थांब.

दणक्याच्या बायकोचा धाकटा भाऊ आमच्याच टोळीत होता. दणक्याला टोमणे मारायची छाती त्या एकट्याची.

‘‘दाजी, हळू ओरडा. तुमच्या आवाजानेच बोगदा बसायचा.’’

‘‘तुझ्या ताईकडे बघून सोडतो तुला.’’

‘‘तिच्याकडे बघायची हिंमत आहे तुमच्यात?’’

एका सकाळी नेहमीचा क्रेनवाला आजारी पडला. बदली माणूस दुसऱ्या साइटवरून आला. तुकडा टेकायच्या बेतात होता, तेवढ्यात ट्रॉलीच्या चाकाखालची पाचर निसटली. मेहुणा पाचर ठोकायला वाकला. एक पाय त्याने ट्रॉलीवर ठेवला, तुकड्याच्या अगदी खाली.

दणका ओरडला, ‘‘बस! बस!’’

तुकडा खाली आला.

आधी हाड मोडल्याचा आवाज आला, मग किंकाळी. आम्ही पहारी घातल्या. एक पहार उडाली आणि तिने आमच्यातल्याच एकाचं कपाळ फोडलं. तुकडा केसभर हलला नाही.

दणक्याने वॉकीटॉकी फेकला, ती उडालेली पहार उचलली आणि शिडीला लागला. कशाला चाललाय ते कळायला अक्कल लागत नव्हती. मी मागे धावलो. ती शिडी आम्ही दम खात चढायचो. तो पहार घेऊन एका दमात चढला.

मी वर पोचलो तेव्हा क्रेनवाला केबिनच्या दारात आडवा होता. पहारीने त्याचा खांदा उतरला होता. दणका त्याच्या छातीवर बसून बुक्क्या घालत होता. नाक गेलं, पुढचे दात गेले. मी पाठीला लटकलो, तर कोपराने मला कठड्याच्या गजांवर फेकलं.

‘‘तूच म्हणालास!’’ क्रेनवाला रक्त थुंकत ओरडला. ‘‘बस म्हणालास, बसवला!’’

‘‘बस म्हणजे थांब, हरामखोरा!’’

‘‘आमच्या साइटवर थांबला थांब म्हणतात! बस म्हणजे टेकव!’’

दणक्याने त्याचा गळा धरला. अंगठे आत रुतले. क्रेनवाल्याच्या टाचा पत्र्यावर आपटू लागल्या.

केबिनमधला वॉकीटॉकी खरखरला. खाली दणक्याने फेकलेला वॉकीटॉकी कुणीतरी मेहुण्याच्या तोंडाशी धरला होता.

‘‘दाजी... त्याला मारलंत तर हे उचलणार कोण?’’

हात सुटले. त्याने क्रेनवाल्याला काखेत धरून सीटवर बसवलं. एक डोळा मिटला होता, दुसऱ्यात रक्त भरलं होतं. दणक्याने ते आपल्या बाहीने पुसलं.

‘‘उचल,’’ तो म्हणाला. त्याला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ‘‘उचल, भाऊ.’’

मी वॉकीटॉकीवर खाली सांगितलं, ‘बस’ नको, ‘थांब’ म्हणा. क्रेनवाल्याने धड हाताने दांडा ओढला. तुकडा झुलला असता तर मेहुण्याचं उरलेलंही गेलं असतं. तुकडा झुलला नाही. सरळ वर आला. खालून शब्द आला, ‘‘थांब.’’ क्रेनवाल्याने क्रेन थांबवली आणि तिथेच ओकला.

मेहुण्याचा जीव वाचला, पाय गुडघ्याखाली कापला. दवाखान्यात दणक्याच्या बायकोने सगळ्यांदेखत नवऱ्याच्या कानाखाली वाजवली. दोनच शब्द बोलली, ‘‘माझा भाऊ.’’ त्याने हात उचलला नाही. क्रेनवाल्याने तक्रार केली, ती करायलाच हवी होती. दणका तुरुंगात जाऊन आला.

आता त्या बोगद्यातून गाड्या धावतात. मेहुणा खोटा पाय लावून स्टेशनात उभा असतो आणि लोकांना पिवळ्या रेषेमागे हटवतो.

मध्यंतरी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दणक्याची बायको नवऱ्याला रस्सा वाढत होती. पोट भरलं की माणूस ‘बस’ म्हणतो. दणक्याने मुकाट्याने वाटीवर हात आडवा धरला. तिने पाहिलं, आणि पळी तशीच ओतत राहिली. उकळता रस्सा त्याच्या बोटांवरून ताटात ओघळला. कातडी लाल झाली. त्याने हात काढला नाही, तोंडही उघडलं नाही.

‘‘ताई,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘बस.’’

तिने पळी वर घेतली.