अर्नाळा, होळी आणि वाटेत बंद पडणारी गाडी

विरारहून अर्नाळा आणि तिथून आतल्या रस्त्याने वसई. हा रस्ता मी निवडला, कारण तो सपाट आहे आणि गाडी बंद पडली तर ढकलायला माणसं मिळतात. गाडी बंद पडावी याचसाठी आम्ही निघालो होतो.

बाबांची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. महिनाभर तिचं एकच चाललं होतं: थोडा वेळ नीट धावायची, मग आचके द्यायची आणि बंद. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. गॅरेजवाल्या दत्ताभाऊंनी कार्ब्युरेटर तीनदा साफ केला, पेट्रोलचा पंप बदलला आणि शेवटी म्हणाले, "विकून टाका काका. माझा मेव्हणा घेईल." मेव्हणा सोमवारी येणार होता. रिक्षाच्या धक्क्यांनी आईचे गुडघे दोन दिवस ठणकतात. गाडी गेली की तिचं बाहेर पडणंच संपणार. मी मात्र 'मेव्हणा' हा शब्द ऐकल्यापासून ठरवून टाकलं होतं की बिघाड गॅरेजमध्येच मुद्दाम केलाय.

मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आहे. पुराव्याशिवाय भांडत नाही. रविवारी सकाळी सात वाजता वही, टेस्टर, प्लगचा पाना आणि बाबा असं सगळं गाडीत घेतलं.

"मी सामानात का?" बाबांनी विचारलं.

"धक्का द्यायला."

आधी टाकी फुल केली. पंपावर मीटर शून्यावर आहे का ते पाहिलं, थोडं पेट्रोल बाटलीत घेऊन उजेडात धरलं. पाणी नव्हतं. झाकणाला कुलूप लावलं. त्याची किल्ली माझ्याकडेच असते.

आगाशीला थांबून ऑम्लेट-पाव खाल्ला. तिथे नाश्ता करून घ्या, पुढे इतक्या सकाळी फारसं काही उघडं नसतं. अर्नाळ्याच्या अलीकडे, साधारण आठ किलोमीटरवर, पहिला आचका. मग बंद. मी लगेच बॉनेट उघडलं. प्लग काढून ठिणगी पाहिली: निळी, स्वच्छ. म्हणजे कॉइल निर्दोष. पेट्रोलचा फिल्टर पारदर्शक आहे. तो रिकामा होता. ठिणगी आहे, पेट्रोल येत नाही. वहीत लिहिलं: 'पंप. दत्ताभाऊंनी बसवलेला.' पंप या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

शेजारी बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घालणारी कोळीण बघत होती.

"काय झालं गो गाडीला?"

"बंद पडली."

"मंग घाल इथंच सुकत. जागा हाय."

बाबा मनापासून हसले. समोर बेटावरचा किल्ला दिसत होता. होडीने काही मिनिटांत पोचता येतं, पण चढता-उतरताना पाण्यातून चालावं लागतं, तेव्हा बूट घालून जाऊ नका. आम्ही गेलो नाही. गाडी एकटी सोडायची माझी तयारी नव्हती.

पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारताच फिल्टर आपोआप भरला. पंप खराब असता तर भरला नसता. हे मला खटकलं, तरी मी रेघा खोडल्या नाहीत.

पुढचा रस्ता अरुंद आणि सुंदर आहे: केळीच्या वाड्या, विहिरी, वळणांवर पांढरे क्रूस. समोरून एसटी आली तर तुम्हीच कडेला व्हायचं. होळी गावात गाडी दुसऱ्यांदा मेली, एका वाडीच्या दारातच. आत एक मावशी पालेभाजीला पाणी सोडत होत्या. पेट्रोलवरचा पाण्याचा पंप चालू ठेवून त्या बाहेर आल्या, पंधरा मिनिटं थांबलं की चालू होते हे त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टाकीचं झाकन उघड बघू."

"झाकण? कशाला?"

"कशाला काय? आत वारा नको जायला? माझा पंपपन असाच मरतो. झाकनाचं भोक मातीनं बुजलं का पेट्रोल उतरत नाय. मी काडी घालते."

मी कुलूप फिरवलं. झाकण सैल होताच टाकीने लांब 'फुस्स' करून हवा ओढली. बाबांनी स्टार्टर मारला, फिल्टर डोळ्यांदेखत भरला, गाडी सुरू झाली.

ते झाकण मीच आणलं होतं. महिन्यापूर्वी, बिल्डिंगमधलं कुणीतरी पेट्रोल काढतंय असं वाटल्यावर. घट्ट, कुलपाचं, हवेला वाट नसलेलं. पेट्रोल खाली उतरलं की टाकीत पोकळी व्हायची आणि पंपाला ओढता यायचं नाही. पंधरा मिनिटांत बारीक फटींतून थोडी हवा आत शिरायची, म्हणून पुन्हा चालू. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून पोकळी आणखी लवकर. वहीत प्रत्येक दुरुस्तीची तारीख होती, झाकणाची नव्हती. दत्ताभाऊंनी दोनदा किल्ली मागितली होती. पेट्रोल काढतील म्हणून मी दिली नव्हती.

"कुणाचा संशय होता तुला?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांचा."

"माझापण?"

मी झाकण पुसत राहिले.

झाकण नुसतं टेकवून वसईच्या किल्ल्यापर्यंत हळू गेलो. एकही आचका नाही. तिथे मी ते पुन्हा घट्ट लावलं.

"आता कशाला?" बाबा वैतागले.

"एकदा म्हणजे योगायोग."

परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा बंद पडली. झाकण सैल केलं, चालू झाली. तुमच्या जुन्या गाडीचं असं होत असेल तर झाकण सैल करून बघा, पण सैल झाकणाने रोज चालवू नका; हवेसाठी भोक असलेलं योग्य झाकण घ्या.

घरी आल्यावर बाबांनी दत्ताभाऊंना फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी सगळं क्रमाने सांगितलं.

"मग मेव्हण्याला काय सांगू?"

"गाडी विकायची नाही."

"आणि मला काय सांगताय?"

"चुकले."

ते म्हणाले, "झाकण बदलून घ्या."

आता आई दर रविवारी बाबांबरोबर गाडीतून फिरायला जाते. एकदा अर्नाळ्याहून बोंबील घेऊन आली. गाडी अजून दत्ताभाऊंकडेच नेतो. काम चोख करतात, जुने पार्ट न मागता दाखवतात. पूर्वी मला ताई म्हणायचे. आता मॅडम म्हणतात.