लसणाच्या तेलाचा वास

कुस्तीचा पंच म्हणून वऱ्हाडात माझं नाव होतं. होतं म्हणतो, कारण आता त्या नावाची माझी मलाच लाज वाटते.

कापसाच्या तेजीची वर्षं ती. विलायतेहून मागणी आली अन् कापसाला सोन्याचा भाव चढला. ज्यांच्या धोतराला कालपर्यंत ठिगळं होती ते जरीची पागोटी बांधून फिरू लागले. अकोल्याच्या दलालांनी मोर्णेच्या पात्रात दंगल ठेवली आणि मला पंच नेमलं. मोठ्या कुस्तीतला एक पैलवान माझाच गडी, जिवाचा दोस्त, अमरावतीच्या तालमीत माझ्याबरोबर लहानाचा मोठा झालेला. त्याला ना शेत, ना दुकान. आमचे म्हातारे उस्ताद त्याला म्हणाले होते, "ये कुश्ती मार, तालीम तेरी."

पैलवान जोर-बैठका काढून अंग गरम करतात, तेव्हाच पंचानं त्यांच्या अंगावरून हात फिरवायचा. तेलकट अंगावर पकड बसत नाही, म्हणून तेल लावलेल्याला तिथूनच घरी धाडायचं, हा रिवाज. गड्याच्या उजव्या खांद्यावरून माझा हात सटकला.

"काहून बे, तेल?"

"चुकलं," तो म्हणाला. मान खाली.

त्या तेलाला लसणाचा अन् ओव्याचा वास होता. असलं तेल दुखऱ्या अंगाला चोळतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हाकलावं तर गड्याची तालीम जाते, गप्प बसावं तर लोक म्हणतील, आपला म्हणून सोडला. मी अतिशहाणा! मधला मार्ग काढला. चार हजार लोकांसमोर ओरडलो, "लबाडी करून राहिला का? राख आणा रे!" अन् माझ्याच हातानं त्याचा खांदा राखेनं खसाखसा घासला. त्यानं दात आवळले होते. मी ते पाहिलं, तरी घासत राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंच असावा तर असा, म्हणाले.

दुसऱ्याच पकडीत समोरच्यानं तोच उजवा हात मुरगळला. कट्कन आवाज आला. गडी ओरडला नाही, नुसता मातीत तोंड खुपसून पडला. वैद्य झाले, हकीम झाले, पण हात छातीच्या वर कधी गेला नाही. तालीम दुसऱ्याला मिळाली. घरी धाडला असता तर निदान हात राहिला असता माझ्या गड्याचा.

पुढं कितीतरी वर्षांनी तो माझ्या मुलाच्या लग्नाला आला. मी त्याच्यापुढे आहेराचं पागोटं ठेवलं. बाजूला कोणी नाही असं पाहून त्यानं विचारलं, "त्या दिवशी वास आला होता ना तुले?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण म्हणालो, "आला होता."

"मले वाटलंच," तो म्हणाला. "तू माह्या पोटासाठी मले लढू देलं, अन् म्या पोटासाठी दुखणं सांगतलं नाही."

मग तो डाव्या हातानं पागोटं बांधू लागला. पहिलाच वेढा सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. शेवटी तो खाली बसला, डोकं माझ्यापुढे केलं, आणि मी त्याला पागोटं बांधून दिलं.