न्यूनेनचे तीन बेकार डॉक्टर

नोकरी शोधताना जे होतं ते तेव्हा कुणाला सांगावंसं वाटत नाही. नोकरी लागली की मात्र एकातून दुसरा किस्सा सुटतच जातो. नेदरलँड्समधल्या न्यूनेनमध्ये आम्ही तिघं पीएचडीवाले एकाच वर्षी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, शोधत होतो: फिजिक्सची प्रज्ञा, केमिस्ट्रीचा अभिजित आणि कॉम्प्युटर सायन्सची मी. आता तिघंही विद्यापीठात लागलोय, म्हणून हसू येतं.

प्रज्ञाचे वडील साताऱ्याचे रिटायर्ड पोस्टमास्तर. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, पोस्टडॉकला अप्लाय केलंय." ते म्हणाले, "अगं, पोस्टातच यायचं होतं तर बारावीनंतर सांगायचंस. मी होतोच की तिथे."

त्याच प्रज्ञाला एकदा एका विद्यापीठातून नकाराची मेल आली, पण वर नाव भलत्याच माणसाचं. तिने शांतपणे उत्तर लिहिलं, "हा नकार माझा नाही. माझा असेल तो पाठवा." तिथल्या प्रोफेसर बाईंनी ओशाळून फोन केला. बोलणं प्रज्ञाच्या प्रयोगांवर गेलं आणि पाऊण तास चाललं. शेवटी बाई म्हणाल्या, "तुमचा नकार काही सापडत नाहीये. भेटायलाच या." आज ती त्यांच्याच लॅबमध्ये आहे.

अभिजित इंटरव्ह्यूला सायकलने गेला. समोरून वारा, त्यात पाऊस. पोचला तेव्हा नखशिखांत भिजला होता. प्रोफेसरांनी खुंटीवरचा स्वतःचा स्वेटर काढून दिला. ते साडेसहा फूट, अभिजित पाच-चार. बाह्या वर सारत सारत त्याने आपलं संशोधन मांडलं. संपल्यावर प्रोफेसर म्हणाले, "काम चांगलं आहे. सांगण्याची पद्धत कंटाळवाणी आहे."

तो घरी येऊन नुसता पडून राहिला. आम्ही समजूत घालायला गेलो, तर म्हणाला, "पुण्यात गाइड पाच वर्षं 'उत्तम, उत्तम' म्हणत होते आणि थीसिसवर सही करत नव्हते. इथे निदान लगेच कळलं."

दोन दिवसांनी त्याला मेल आली: "स्वेटर परत द्यायला एक तारखेला या. त्याच दिवशी जॉइन व्हा."

राहिले मी. नवऱ्याबरोबर डिपेंडंट म्हणून आलेली, करिअरमध्ये चार वर्षांची गॅप. ऑनलाइन इंटरव्ह्यूला समोर तीन डच प्राध्यापक. गॅपबद्दल विचारणार हे माहीत होतं, उत्तर पाठ केलं होतं. प्रश्न आला आणि नेमकी माझी सहा वर्षांची इरा खोलीत शिरली.

मी हळूच मराठीत म्हटलं, "इरा, बाहेर जा. आई कामात आहे."

इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ती डचमध्ये. तेही खणखणीत. "पण तूच म्हणालीस ना, तुला काम नाहीये?"

समोरच्या तिघांनाही ते अर्थातच कळलं होतं. मधल्या बाईंनी चष्मा काढला आणि डचमध्ये इरालाच विचारलं, "मग आई दिवसभर काय करते?"

"माझ्या शाळेतले बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करते. आणि बाबांचा ऑफिसचा कोड अडला की तो सोडवून देते."

"आणि बाबा?"

इराने जरा विचार केला.

"बाबा तोपर्यंत चहा करतात."