चांदाच्या बारावीची सुकती

त्या वर्षी आम्ही तिघं थायलंडला जाणार होतो. तिथल्या आखातावरचं एक छोटं जिल्ह्याचं गाव मी निवडलं होतं, कारण तिथे गर्दी कमी आणि पाहायच्या जागा एकमेकींना लागून होत्या. पण सौदीतल्या यान्बूच्या आमच्या प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन लांबलं, माझी रजा रद्द झाली आणि बायको-मुलगी दोघीच गेल्या. शटडाऊनमधलं कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपणार याचं वेळापत्रक करणं ही माझी नोकरी. तेव्हा सहलीचंही मीच केलं. टेकडीवरच्या देवळात सकाळी लवकर जायचं, म्हणजे पायऱ्या उन्हाच्या आत चढून होतील आणि माकडं अजून सुस्त असतील. डोंगरातल्या गुहेत छताच्या भोकातून ऊन आत पडतं, ते दुपारच्या जरा आधी. मुलगी म्हणाली, "अब्बा, ये हॉलिडे है या शटडाऊन?"

पहिले दोन दिवस सगळं बरोबर आलं. गुहेत त्या पोचल्या तेव्हा ऊन नेमकं मधल्या लाकडी मंडपावर होतं. तिथूनच बायकोने फोन केला आणि तुमचा सूर्य वेळेवर आला म्हणून माझी थट्टा केली. मला बरं वाटलं, हे नाकबूल करत नाही.

तिसऱ्या दिवशी बेट होतं. किनाऱ्यासमोर एक छोटं बेट, त्यावर पांढरा स्तूप, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मधली वाळू उघडी पडली की चालत जाता येतं. वेळ कोणती, हे बायकोने आदल्या दिवशी विचारलं. यासाठी मी काहीही उघडून पाहिलं नाही. आमचं घर रायगडच्या किनाऱ्यावरचं, बावांचा, म्हणजे वडिलांचा, मासेमारीचा मचवा होता. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. लहानपणी हे मला पाढ्यांबरोबरच शिकवलं गेलं. सौदीत चांदाची तारीख शोधावी लागत नाही, ती भिंतीवर, पगाराच्या चिठ्ठीवर, सगळीकडे असते. पण तिचा हा उपयोग इथे कधी झाला नव्हता. यान्बूचा समुद्र वीतभर चढतो आणि वीतभर उतरतो. इतक्या वर्षांनी तो हिशेब करायला मिळाला याचाच मला आनंद झाला. उद्या बारावी. बारा पाऊण नऊ. नऊला भरती, तीनला पूर्ण सुकती. दोनला निघा, चारच्या आत परत फिरा, असं मी कळवलं.

प्लांटच्या आतल्या भागात फोन नेता येत नाही, तो गेटवरच्या कपाटात ठेवावा लागतो. मी बाहेर आलो तेव्हा थायलंडमध्ये साडेतीन वाजून गेले होते. मुलीचा अडीचचा निरोप आधीच येऊन पडला होता. एका फोटोत तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. खाली लिहिलं होतं की वाळू दिसत नाहीये, पण मॉम म्हणते अब्बांनी तीनला सुकती सांगितली आहे, म्हणजे अजून उतरेल.

बारावीला पाणी बरंच उतरतं; सुकतीच्या इतक्या जवळ वाळू दिसायला हवी होती. मी तिथेच उभ्या उभ्या त्या गावाचं भरतीचं कोष्टक शोधलं. आमच्याकडे दिवसाला दोन भरत्या आणि दोन सुकत्या. त्या कोष्टकात दिवसभराची एकच रेघ होती. सकाळी खाली, मग दुपार-संध्याकाळ चढत चढत रात्री वर. त्या समुद्राला दिवसातून एकदाच भरती येते. माझी पाऊणपट तिथे लागूच नव्हती.

मी फोन लावला. रिंग गेली, कोणी उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा बायकोने उचलला. वारा इतका होता की पहिलं वाक्य मला कळलंच नाही. मग तिने विचारलं, "अहो, पाणी उतरतंय ना? मग चढल्यासारखं का वाटतंय?"

"कुठे आहात?"

"परत निघालोय. मध्येच आहोत."

"जवळ काय आहे? गाव की बेट?"

तिने मुलीला काही विचारल्याचं ऐकू आलं.

"बेट."

"मग बेटावर जा. पाणी चढतंय. माझा हिशेब चुकला."

तिने मुलीला हाक मारली, फोन बहुतेक मुठीत धरला असावा. पाण्याचा आवाज येत राहिला आणि मग लाइन गेली.

हॉटेलचा नंबर मी आधीच घेऊन ठेवला होता. मालकीणबाईंचं इंग्रजी माझ्या अरबीइतकंच. आयलंड, वॉटर, माय वाइफ, माय डॉटर, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. त्या एकच शब्द म्हणाल्या, "बोट", आणि फोन ठेवला. माझं त्यांना कळलं की त्यांनी मला कटवलं, ते मला समजेना. गेटवरचा पहारेकरी माझ्याकडे बघत होता. आत माझी वाट पाहत होते. मी बायकोचा नंबर लावत राहिलो, तो लागत नव्हता. मी त्यांना बेटावर जायला सांगितलं, पण पाण्यात उभ्या माणसाला जवळचं आणि लांबचं नीट कळतं का, हा प्रश्न मला तेव्हा सुचला. विचारायला उशीर झाला होता.

मग मुलीच्या फोनवरून कॉल आला. इंजिनाची धडधड, कोणी पुरुष थाईमध्ये ओरडून बोलत होता. मुलगी म्हणाली, "अब्बा, वी आर इन द बोट. मॉमचा फोन भिजला."

त्यांना किनाऱ्यावर उतरवल्यावर बायको बोलली. बेटाच्या पायरीवर बसून होत्या, मासेमाराची होडी आली, मालकीणबाई स्वतः तिच्यात होत्या, टॉवेल घेऊन. आवाज साधाच होता, भाजी आणल्याचं सांगावं तसा. मी विचारलं, परत फिरलात तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं.

"तो आकडा मी तुम्हाला देणार नाही," ती म्हणाली.

मुलीनेही दिलेला नाही.